पाणी कुठून येते?

पावसाळी बंदी उठली आणि आमची लाँच मिरकरवाडा बंदरातून पहिल्या फेरीला निघाली. दुसऱ्या रात्री वायरलेसवर तांडेलचा आवाज आला, "इंजिनखाली पाणी चढतंय. पंप चालू आहे, तरी चढतंय." पहाटे पंपाची बॅटरी बसली. खलाशांनी बादल्यांनी पाणी उपसत लाँच बंदराला आणली. अब्बा आणि आम्ही भाऊ फजरपासून जेटीवर उभे होतो. घरी कोणी चहाही घेतला नव्हता.

दोष कोणाचा, हे आम्ही लाँच बांधायच्या आधीच ठरवून टाकले होते. जुलैमध्ये मिस्त्रींनी ग्लँडचे पॅकिंग बदलले होते. पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो, तिथे चरबी लावलेल्या दोरीचे वेढे दाबून बसवतात, म्हणजे समुद्र आत येत नाही. मिस्त्रींचे निम्मे पैसे आमच्याकडे बाकी होते. ते आम्ही रोखले, आणि जेटीवर चार माणसांसमोर त्यांना बोललोही.

ते एवढेच म्हणाले, "ग्लँड टपकायलाच हवी, बाबांनो. पंखा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब. त्यावरच शाफ्ट थंड राहतो."

आम्हाला ही सबब वाटली. ते गेल्यावर पाना घेऊन आम्ही थेंब थांबेपर्यंत नट आवळले. मग इंजिन गिअरमध्ये टाकून चालवले, तर अर्ध्या तासाने ग्लँडला हात लावता येईना. दोरी करपली, शाफ्टवर बारीक रेघ उमटली. पुन्हा नवे पॅकिंग आणले. प्रत्येक वेढा वेगळा कापला, सांधे एका रेषेत येऊ दिले नाहीत, नट बेताचे आवळले. पुढच्या फेरीला पाणी तेवढेच! तांडेल म्हणाला, "आता खलाशी यायला तयार नाहीत." त्यांचे तरी काय चुकले?

तेव्हा अब्बांनी आम्हाला बसवले. "आधी पाणी कोणतं ते बघा, मग माणूस शोधा."

मासळीच्या खणातला बर्फ वितळून तळात उतरतो, ते पाणी गोडे. आम्ही बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावले. चक्क खारे. म्हणजे समुद्रच आत येत होता. सगळा तळ उपसून फडक्यांनी कोरडा केला. पाईपांच्या सांध्यांवर आणि सुकाणूच्या दांड्याभोवती टाल्कम पावडर टाकली, कारण पावडरवर पाण्याची रेघ लपत नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणारा पंप असतो, त्याच्या पोटाला एक बारीक भोक असते. आतले सील गेले की तिथून पाणी गळते. त्याखाली वर्तमानपत्र पसरले. रात्रभर लाँच नुसती बांधून ठेवली. सकाळी कागद कोरडा, पावडर जशीच्या तशी. मग जेटीला दोर घट्ट बांधून इंजिन गिअरमध्ये चालवले. ग्लँडचे मोजके थेंब सोडले तर काही नाही.

बंदरात कोरडी आणि समुद्रात बुडायला निघालेली! आम्ही अगदी टेकीला आलो होतो.

जेवताना अम्मीने विचारले, "मोटर बंद झाली की बादलीत बुडालेल्या नळीतून पाणी उलटं जातं, तसं तर नाही ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तळातले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा पाईप बंदीच्या काळात आम्हीच बदलला होता. नवा पाईप आखूड पडला, म्हणून वरच्या जुन्या भोकाऐवजी खाली नवे भोक पाडले. रिकाम्या लाँचला ते पाण्याच्या वीतभर वर दिसत होते. पण डिझेल, बर्फ, जाळी आणि मासळी चढली की मागची बाजू किती बसते, ते आम्ही मोजलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बर्फ आणि डिझेल भरून लाँच जेटीलाच ठेवली. भोक पाण्याखाली गेले. पंप थोडा चालवून बंद केला आणि फळी उचलून टॉर्च मारला. पंपाच्या जाळीतून पाणी उलटे आत येत होते. पंप जे फेकायचा, ते तो थांबला की परत यायचे. मग तो पुन्हा सुरू. बॅटरी दुसरे काय करणार?

खालचे भोक बुजवून त्यावर आतून-बाहेरून फायबरचे थर चढवले. लांब पाईप आणून तोंड पुन्हा वर, डेकजवळ नेले. मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह घाला, असे एकाने सुचवले. पण माशांचे खवले आणि कचरा अडकला की तो उघडाच राहतो. आम्ही उंचीवरच भरवसा ठेवला.

असरनंतर मिस्त्रींच्या घरी गेलो. अब्बा दारातच म्हणाले, "चूक आमच्या पोरांची होती, मिस्त्री. माफ करा." मिस्त्रींनी पैसे मोजून घेतले, खिशात ठेवले आणि म्हणाले, "पाईप बघू चला."

पाईप त्यांनी पाहिला, पट्टी आणखी एक फेरा आवळायला लावली. मग इंजिन सुरू करायला सांगून टॉर्च घेऊन ग्लँडपाशी बसले. शाफ्टवर आम्ही पाडलेली रेघ त्यांना दिसली असणार, पण त्यावर ते काही बोलले नाहीत. घड्याळ बघत बसले.

"किती?" अब्बांनी वरून विचारले.

"तीन," मिस्त्री म्हणाले. "असू द्या."