टोपीशिवाय खेळ नाही

ऑस्ट्रेलिया म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कांगारू येतो ना? आम्ही ब्रिस्बेनला मुलाकडे तीन महिने राहून आलो, आणि मला मात्र आठवतात टोप्या! सकाळी नातीच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहावं, तर रुंद काठांच्या टोप्यांची रांगच्या रांग आत चाललेली, खाली पोरांचे नुसते पाय दिसताहेत. टोपी विसरलेल्या मुलानं मधल्या सुट्टीत सावलीत बसून राहायचं, मैदानात उतरायचं नाही. 'नो हॅट, नो प्ले', हा तिथल्या शाळांचा शिरस्ताच आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या उन्हाचं कौतुक? नागपूर-जळगावच्या मैत्रिणींना तर हसूच येईल. खरं सांगते, अंगाला ते ऊन आपल्या वैशाखापुढे सौम्यच लागतं. पण तिथे हवामानाच्या बातमीत तापमानाबरोबर अतिनील किरणांचा आकडाही सांगतात. तो तीन झाला की अंग झाका म्हणतात, आणि उन्हाळ्यात भर दुपारी तो अकरा-बारावर जातो! हे किरण दिसत नाहीत, उष्णही लागत नाहीत, ढगांतूनसुद्धा बरेचसे खाली येतात. त्यामुळे गार वाऱ्याच्या दिवशीही कातडी भाजून निघते.

आणि कातडी तरी कुणाची? १७८८ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेल्या माणसांची. वर्षातले निम्मे दिवस आभाळ भरलेलं असणाऱ्या मुलखातली. आपल्या सावळ्या रंगाला आपण उगाच नावं ठेवतो हो! कातडीतलं ते रंगद्रव्य म्हणजे देवानं दिलेली छत्री. ती छत्री या गोऱ्या लोकांजवळ फारच तोकडी. त्या रंग तयार करणाऱ्या पेशींतच जो कर्करोग होतो, तो मेलॅनोमा. दिसायला साधा तीळ. पण खोलवर गेला की यकृत, फुप्फुसं, मेंदू, कुठेही पोचतो. ऑस्ट्रेलियात विषुववृत्ताकडे जावं तसे या रोगाचे मृत्यू वाढतात, हे हेन्री लँकेस्टर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९५६ सालीच दाखवून दिलं होतं. क्वीन्सलँड राज्यात तर या रोगाचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त. हजारो वर्षं तिथेच राहिलेल्या मूळच्या सावळ्या रहिवाशांत मात्र तो कितीतरी कमी.

मुलाच्या शेजारी एक पंचाहत्तरीच्या बाई राहतात. तरुणपणी त्या मैत्रिणींबरोबर अंगाला खोबरेल तेल चोपडून समुद्रकाठी वाळूत पडत. हो, आपण केसांना लावतो तेच खोबरेल! उद्देश काय, तर कातडी तांबूस व्हावी. आपण बेसन-साय लावून उजळायला बघतो आणि त्या अशा! त्यांच्या पोटरीवर चमच्यानं कोरल्यासारखा खड्डा आहे. त्यांचा तीळ वेळेवर काढला. नवऱ्याचा होता पाठीवर. "दाखवा, दाखवा" म्हणून त्या मागे लागल्या, ते "हंगाम संपू दे" म्हणत राहिले. बाई चहा ओतताना सहज सांगत होत्या, पण किटली मात्र हातातच राहिली.

या अशा घरांसाठीच १९८१ साली दूरदर्शनवर एक नाचरा समुद्रपक्षी आला. शर्ट चढवा, मलम फासा, टोपी घाला, असं गाणं म्हणणारा. पोरांनी ते गाणं उचललं, शाळांनी टोपीचा नियम केला. आज चाळिशीच्या आतल्यांत मेलॅनोमाचं प्रमाण आधीच्या पिढीपेक्षा उतरलं आहे. म्हाताऱ्यांत मात्र ते वाढतच गेलं. लहानपणी भाजलेली कातडी चाळीस-पन्नास वर्षांनी हिशेब मागते.

मलमाबद्दल मला शंकाच होती. पण ब्रिस्बेनच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर नॅम्बोर गाव आहे. अगदी आपल्या सांगली-कोल्हापूरकडचं वाटावं! साखर कारखाना २००३ साली बंद पडला, त्याआधी उसाच्या चिमुकल्या गाड्या भर रस्त्यातून जात. या गावच्या सोळाशे एकवीस माणसांवर १९९२ पासून चार वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांनी मलम रोज लावायचं, बाकीच्यांनी मर्जीप्रमाणे. २००६ पर्यंत रोज लावणाऱ्यांत मेलॅनोमा निघाले अकरा, दुसऱ्यांत बावीस.

मग आपणही डबे भरून मलम आणायचं का? नाही. तिथल्या तज्ज्ञांनीच २०२४ मध्ये सांगितलं की गडद वर्णाच्या माणसांना रोजच्या मलमाची गरज नाही. उलट त्यांना ऊनच कमी पडून 'ड' जीवनसत्त्वाची वाण येते.

आपला धोका वेगळ्या जागी आहे. सावळ्या माणसांत मेलॅनोमा क्वचित होतो; पण झाला तर बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली, आणि उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ले १९८१ सालीच गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमानं. आमच्या चुलत सासूबाईंच्या टाचेला काळं कुरूप झालं होतं. बिब्ब्याचा चटका झाला, ब्लेडनं तासून झालं, दोन वर्षं गेली. जांघेत गाठ आली तेव्हा मुंबई गाठली. पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

तेव्हा आंघोळीनंतर पाय पुसताना तळवे बघा. नवा काळा डाग, पसरणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, न भरणारी जखम, काळं 'कुरूप'. नखावर काळी रेघ आपल्याकडे पुष्कळांना असते आणि बहुतेकदा निरुपद्रवी असते, पण एकाच नखावर येऊन रुंद होत चालली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचीच. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही, चाळिशीनंतर तर नाहीच. घरच्या माणसाला बघायला सांगा. आमचे हे आधी खूप हसले, मग चष्मा लावून बॅटरी घेऊन आले.