वाचल्याचे गृहीत धरून

पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या वन बीएचकेत चपलांच्या स्टँडवर, राउटरच्या शेजारी, एक मोडका लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, २०१४ साली घेतलेला. बिजागरी तुटलीये, स्क्रीनवर उभ्या रेघा आहेत, पंखा मधूनच मिक्सरसारखा आवाज करतो. त्यावर मी बिटकॉइनचा फुल नोड चालवतो.

ऐकल्यावर सगळे एकच प्रश्न विचारतात. पैसे किती मिळतात? शून्य. पैसे मायनिंगवाल्यांना मिळतात, त्यांच्या मशिनी वेगळ्या आणि विजेची बिलंही वेगळी. नोड म्हणजे ३ जानेवारी २००९ पासूनच्या प्रत्येक व्यवहाराची वही स्वतःकडे ठेवायची आणि साधारण दर दहा मिनिटांनी येणारं नवं पान नियमात बसतं का ते स्वतः तपासायचं. नसेल बसत तर घ्यायचं नाही, कुणीही पाठवलेलं असो. एवढंच काम.

हे फुकटचं काम मी का करतो, ते सांगायचं तर दोन आकडे सांगावे लागतील.

पहिला आकडा ४,८०,०००. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतले एवढे त्यांनी तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवले. २०१९ मध्ये तिथे पैसे देणं थांबलं. पासबुक अजून कपाटात आहे आणि त्यात आकडा व्यवस्थित छापलेला आहे. तेव्हा मला नुकतीच नोकरी लागली होती आणि अक्कल जरा जास्तच आली होती. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे साधं तुम्हाला कसं माहीत नाही, असं मी त्यांना सगळ्यांदेखत ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. मी बोललो तो लॅपटॉप त्याच पतसंस्थेच्या कर्जातून आला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसरा आकडा ६०,०००. हे माझे. २०२१ मध्ये सगळे घेत होते म्हणून मीही एका एक्स्चेंजच्या ॲपवर बिटकॉइन घेतले. काही महिन्यांनी एका सकाळी ॲपवर पट्टी आली, पैसे काढणं तात्पुरतं बंद. ते तात्पुरतं अजून संपलेलं नाही. आकडा मात्र ॲपवर दिसतो, रोज वरखालीही होतो. हे मी घरी सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

नोडचं खूळ त्यातून आलं. खर्च मोजकाच करायचा हे आधीच ठरवलं होतं. नोडसाठी लोक रास्पबेरी पाय घेतात, पण पाय, अडॅप्टर, केस, डिस्क असं करत बिल वाढतं, आणि माझ्याकडे आठ जीबी रॅमचा लॅपटॉप माळ्यावर पडला होता. त्याची बॅटरी अजून पाऊण तास टिकते, म्हणजे लाइट गेली तर यूपीएस फुकट. आधी त्यातल्याच जुन्या हार्ड डिस्कला बाहेरची एक हार्ड डिस्क जोडून पाहिली. बारा दिवसांत अर्ध्यालाही पोचलो नाही. कारण सोपं आहे. प्रत्येक व्यवहार तपासताना, यात खर्च होणारं नाणं आधीच कुणी खर्चलंय का, हे कोट्यवधी नोंदींच्या यादीत शोधावं लागतं. फिरत्या डिस्कची सुई त्या यादीत नुसती धावत बसते. शेवटी एक टीबीची एसएसडी घेतली, ५,८०० रुपये. लॅपटॉप साधारण पंधरा वॅट खातो, महिन्याला अकरा युनिट, शंभर-सव्वाशे रुपये. एवढी डिस्क परवडत नसेल तर प्रून नावाची सोय आहे: सगळी पानं तपासायची आणि जुनी टाकून द्यायची. मग वीस-पंचवीस जीबीतही भागतं. तपासणी तेवढीच होते, फक्त वही उरत नाही. मला वही हवी होती.

डाउनलोड सुरू केलं आणि त्याच आठवड्यात पप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले. दहा दिवस मुक्काम. डोळ्याला काळा चष्मा, दर दोन तासांनी ड्रॉप, टीव्ही बंद. माणूस कंटाळणारच. चपलांच्या स्टँडकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्यो कशाला चालूय?"

मी समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तू चेकर. बिनपगारी."

मशीन यायच्या आधीच्या काळात त्यांनी ट्रेमधली तिकिटं पंच करत नोकरी काढली. रात्री डेपोत पहिलं नंबर, शेवटचं नंबर, वेबिल आणि रोकड जुळल्याशिवाय घरी यायचं नाही. त्यामुळे डबल स्पेंडिंग त्यांना समजावायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एकच तिकीट दोघांना विकायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर लॉग बघत होतो. वेग फारच चांगला होता. बढाई मारायला मी म्हणालो, प्रोग्राममध्ये एक सोय असते, अझ्यूमव्हॅलिड. एका ठरावीक ब्लॉकपर्यंतच्या सह्या तो पुन्हा तपासत नाही. नाण्यांची बेरीज-वजाबाकी करतो, पण सह्या बरोबर आहेत असं धरून चालतो, कारण त्या आधी खूप जणांनी तपासल्यात.

पप्पा हसले. म्हणाले, "आमच्या सभेत असंच असायचं. अहवाल वाचल्याचे गृहीत धरून मंजूर. आम्ही हात वर करायचो. मग चिवडा आन् पेढा."

थोड्या वेळाने म्हणाले, "मी कधी उघडून बघितला न्हाई रे अहवाल."

आता तांत्रिकदृष्ट्या ही तुलना चुकीची आहे, हे मला माहीत आहे. अझ्यूमव्हॅलिडचा तो ब्लॉक उघड असतो, कुणीही तपासू शकतं आणि अनेक जण तपासतातही. पण असा वाद मी त्यांच्याशी २०१९ मध्येही घातला असता. त्या रात्री मी नोड थांबवला, कॉन्फिग फाइलमध्ये 'अझ्यूमव्हॅलिड=०' लिहिलं आणि सगळं पुसून पहिल्या ब्लॉकपासून सुरुवात केली. प्रत्येक सही तपासून.

नऊ दिवस लागले.

लॉगमध्ये प्रत्येक ओळीत ब्लॉकचा नंबर आणि त्याची तारीख असते. पहिली वर्षं भराभर जातात, कारण तेव्हा बिटकॉइन कुणी फारसं वापरतच नव्हतं. २०१० चा ऑगस्ट आला तेव्हा मी पप्पांना ब्लॉक ७४६३८ ची गोष्ट सांगितली. तेव्हा प्रोग्राममधल्या चुकीमुळे कुणीतरी एका व्यवहारात १८,४४६ कोटी बिटकॉइन तयार केले होते. एकूण दोन कोटी दहा लाखच निघणार, असा नियम असताना! काही तासांत दुरुस्ती आली, लोकांनी नवा प्रोग्राम घेतला आणि तो ब्लॉक सोडून वही पुढे लिहिली गेली. माझ्या वहीत त्या नंबरवर दुसराच ब्लॉक आहे.

"आन् दुरुस्ती कुणी घेतलीच नसती तर?" पप्पांनी विचारलं.

तर चुकीची वहीच खरी ठरली असती. हेही सांगितलं.

पुढे वेग मंदावला. आठ नोव्हेंबर २०१६ आला तेव्हा पप्पांनी मला थांबायला सांगितलं, जणू लॉग थांबवता येतो. त्या तारखेच्या ब्लॉकमध्ये विशेष काही नव्हतं. नोटाबंदीची रांग त्यांना आठवत होती, मला हॉस्टेलचं मेसबिल. मग २०१७. ब्लॉक मोठे करावेत का यावरून तेव्हा मोठं भांडण झालं आणि एक ऑगस्टला एक गट बिटकॉइन कॅश घेऊन वेगळा झाला. लहान ब्लॉकवाल्यांचं म्हणणं होतं की वही साध्या माणसाच्या घरच्या कॉम्प्युटरवर मावली पाहिजे. माझा लॅपटॉप हे काम करू शकतो, यात त्या भांडणाचाही वाटा आहे. २०२३ मध्ये लोकांनी व्यवहारांमध्ये चित्रं कोंबायला सुरुवात केली, त्यांतही माझा पंखा ओरडत राहिला.

नवव्या दिवशी पहाटे नोड आजच्या तारखेला पोचला. मी लगेच माझं नाणं शोधलं. २०२१ मध्ये एक्स्चेंजमधून 'चालतं का बघू' म्हणून तीन हजार रुपयांचं बिटकॉइन मी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढलं होतं. तो व्यवहार सापडला. माझ्या डिस्कवर, माझ्या मशीनने सही तपासलेला. उरलेले सत्तावन्न हजार कुठेच नव्हते. असणारही नव्हते, हे इंजिनिअर म्हणून मला माहीत होतं. ते या वहीत माझ्या नावावर कधी आलेच नव्हते. ते त्या कंपनीच्या वहीत होते आणि त्या वहीचा नोड कुणी चालवू शकत नाही.

मी पप्पांना उठवलं. ड्रॉप घालता घालता सांगून टाकलं. साठ हजार, ॲप, सगळं. त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणून सोपं गेलं. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुसरा ड्रॉप पाच मिनिटांनी घालायचाय. घड्याळ लाव."

गावी गेल्यावर महिनाभराने त्यांचा फोन आला. ट्रंकेत त्यांनी पतसंस्थेचे सगळे वार्षिक अहवाल जपून ठेवले होते, २०११ पासूनचे. नव्या डोळ्याने ते वाचायला बसले होते. पेन्सिल आणि वेबिलची जुनी सवय.

"काय निघालं?" मी विचारलं.

"बेरजा बरोबर हायती रे," ते म्हणाले. "सगळ्या पानांवर."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"कर्जाचा आकडा वाढत गेलाय दरवर्षी. सरळ छापलंय. लपवलं बी न्हाई." मग थोडं थांबून, "तुझ्याकडं लाइट हाय का? चालूय न्हवं ते?"

चालू आहे म्हणालो.