पाचशे मीटर कुणाच्या पायांनी मोजायचे?

संविधानाच्या कलम १५(२) बद्दल बोलताना आपण विहिरी, तलाव आणि स्नानघाटांपाशी थांबतो. चवदार तळ्याचा इतिहास पाठीशी असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. त्याच यादीत ‘रस्ते’ हा शब्द आहे, तो मात्र आपण घाईत ओलांडून जातो. १९२४-२५ चा वायकोम सत्याग्रह रस्त्यावरून चालण्यासाठीच होता. मंदिराभोवतीच्या वाटांवरून अवर्णांना जाऊ द्या, एवढीच ती मागणी. म्हणून शहर नियोजनाच्या चर्चेत ‘वॉकेबिलिटी’ हा शब्द आला की हा उच्चभ्रूंच्या मॉर्निंग वॉकचा विषय आहे असं समजून आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ फिरवू नये.

पुण्याचंच घ्या. मेट्रो स्टेशनभोवतीच्या ५०० मीटर त्रिज्येच्या भागाला टीओडी झोन, म्हणजे ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंटचा पट्टा म्हणतात. तिथे अटी पाळून आणि प्रीमियम भरून ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो. म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम. तर्क असा, की स्टेशनजवळ जास्त लोक राहिले तर ते चालत येतील आणि गाड्या घरी ठेवतील. तत्त्व म्हणून मला हे पटतं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करायला सांगितलं होतं, आणि शहरात पायी आणि बसने जाणारा माणूस बहुतेक आपलाच असतो.

पण त्या वर्तुळात राहणार कोण? एफएसआय वाढला की जमिनीचा भाव वाढतो, भाव वाढला की भाडं वाढतं. जमीनमालक आणि बिल्डर यांचं भलं होतं. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडीधारकाला कागदपत्रांनी पात्रता सिद्ध करावी लागते, आणि त्याच झोपडीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचा हिशेबच नसतो. केंद्राच्या २०१७ च्या टीओडी धोरणात परवडणाऱ्या घरांसाठी वाटा राखण्याची शिफारस आहे. शिफारस आणि सक्ती यांतला फरक आरक्षणाच्या लढाईत मुरलेल्या माणसांना मी काय सांगावा!

शिवाजीनगरजवळच्या कामगार पुतळा वसाहतीतली कुटुंबं मेट्रोच्या कामासाठी उठवली गेली आणि हडपसर, विमाननगरकडे पाठवली गेली. शहराच्या मध्यावर राहणं आणि कामाला चालत जाणं, हे धोरण ज्याला आदर्श म्हणतं ते जगणं या लोकांना आधीपासून माहीत होतं. नियोजनकारांनी त्यांच्याकडून शिकायला हवं होतं.

दुसरी गोम त्या ५०० मीटरमध्ये आहे. नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढलं जातं, माणूस मात्र कंपासच्या रेषेवरून चालत नाही. मध्ये नाला येतो, रेल्वेचे रूळ येतात, भिंती येतात. गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या पोरापोरींनी एका रविवारी हे पायांनी मोजलं. जवळचं स्टेशन सरळ रेषेत साडेचारशे मीटर. चालत गेलो तर अकराशे. वाटेत एका सोसायटीची लांबलचक भिंत आहे आणि तिचं मागचं गेट फक्त रहिवाशांसाठी उघडतं. (गेटवरचा वॉचमन आमच्याच वस्तीतला. तोही ड्युटी संपली की वळसा घालूनच घरी येतो.) माझी आत्या त्याच सोसायटीत धुणीभांडी करते. कामाच्या वेळी तिला ते गेट उघडतं, स्टेशनला जायचं असलं की बंद.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखडा अंतिम होण्याआधी नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. बिल्डरांचे वकील त्या मुदतीत हजर असतात. आपण मुदत संपल्यावर मोर्चा काढतो. स्मारकाच्या जागेसाठी आपल्याइतकं कुणी भांडत नाही. तेवढ्याच ताकदीने या वर्तुळांसाठी भांडायला हवं. झोनमधलं अंतर प्रत्यक्ष वाटेने मोजा, मोठ्या भूखंडांतून सार्वजनिक पायवाट ठेवायची सक्ती करा, वाढीव एफएसआयमधला ठरावीक वाटा परवडणाऱ्या घरांना द्या, आणि आज तिथे राहणाऱ्या भाडेकरूंची आधी नोंद करा. एवढं एका पानाच्या हरकतीत बसतं.

आमच्याकडे भाडेकरूंची मोजणी सुरू झाली आहे. एका मुलीने नगर भूमापनाच्या जुन्या नकाशाची प्रत मिळवण्यासाठी अर्ज केला आहे. त्या भिंतीच्या जागी पूर्वी वाट होती असं म्हातारी माणसं सांगतात.