कंट्रीची पंढरी आणि पंकवाले

कंट्री म्युझिक लावलं की आमच्या विंगमध्ये कोणीतरी हमखास ओरडतं, "ए, ते काऊबॉयचं रडगाणं बंद कर गं!" रॉकवाल्या मुलींना ते गावंढळ वाटतं. त्यांना मी ड्वाइट योकम ऐकवते.

हा १९५६ साली केंटकीत जन्मला. आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला. हा मात्र वाढला ओहायोतल्या कोलंबस शहरात. म्हणजे घरात डोंगरातली गाणी, बाहेर रेडिओवर रॉक. पुढे तो नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीवाल्यांच्या पंढरीत गेला. पण तिथे तेव्हा गुळगुळीत, पॉपच्या वळणाची गाणी खपत होती. याचं हेल काढून गाणं त्यांना फारच जुनाट वाटलं. मग पठ्ठ्या लॉस एंजेलिसला गेला आणि गायला कुठे, तर 'एक्स', 'ब्लास्टर्स' अशा पंक आणि रॉक बँडच्या जोडीने, त्यांच्याच क्लबांत! त्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. मला यात नवल वाटत नाही. हाँकी-टाँक म्हणजे मुळात गुत्त्यातलं संगीत. बाटल्यांच्या आणि पायांच्या दणदणाटात साधी गिटार कोणाला ऐकू येणार? म्हणून तिथे इलेक्ट्रिक गिटार आली, ड्रम्स आले. तिथून रॉक किती लांब?

ड्वाइटचा खरा गुरू कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा बक ओवेन्स. तेलविहिरींचं हे गाव. १९३० च्या दशकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले ओक्लाहोमाचे लोक इथे आले, आणि त्यांच्या गुत्त्यांत टेलिकास्टर गिटारचा तो करकरीत सूर घुमला. (आपल्या लोकांसाठी: ती बनवणारा लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! पोकळ गिटार मोठ्या आवाजात केकाटते, म्हणून याने सरळ भरीव लाकूड वापरलं. फीडबॅकचा प्रॉब्लेम सुताराच्या पद्धतीने सोडवला.) १९८८ मध्ये ड्वाइटने बकला सोबत घेऊन 'स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफील्ड' गायलं. ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. बकला हा मान १६ वर्षांनी मिळाला.

माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, आणि गावी तोंड उघडलं की आत्या म्हणते, "आली आमची मडमीण!" दोन्हीकडे चालावं म्हणून मी दोन्ही भाषा थोड्या पातळ करून बोलते. ड्वाइटने तसं केलं नाही. हेल अस्सल आजोळचा, आणि आवाज पंकच्या क्लबात पुरेल एवढा मोठा. त्याच्या १९८६ च्या पहिल्या मोठ्या अल्बममध्ये एवढ्या दणक्यात आजोबांसाठी केलेलं 'मायनर्स प्रेअर' आहे, अगदी साधं. ते ऐकून मला आजीच्या ओव्या आठवतात. तिच्याकडून त्या लिहून घ्यायला मी या दिवाळीत सुरुवात केली. तेवीस झाल्यात.

तर ऐका. पण हेडफोनवर नको, स्पीकरवरच. रेक्टर मॅडम आल्या तर माझं नाव सांगू नका.