परकायेतली दहा वर्षं

जेरेमी ब्रेटला लहानपणी ‘र’ म्हणता येत नसे. जिभेतच जन्मजात दोष होता. किशोरवयात शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर उच्चारांचा रियाज त्याने आयुष्यभर सोडला नाही. हे मला कळलं ते या नटाचा टीव्ही-मालिकेतला शेरलॉक होम्स पाहून झाल्यावर. मग ते भाग मी पुन्हा लावले, डोळे मिटून, नुसते ऐकायला. काय तो आवाज! एखादा शब्द तो तोडून टाकतो, एखादा लांबवतो, आणि ‘र’ आला की त्यावर असा रेंगाळतो, जणू फार उशिरा हाती आलेलं धन आहे.

जन्म 1933 चा, इंग्लंडातल्या वॉरिकशरमधला. घराणं हगिन्स, वडील लष्करी अधिकारी. मुलाने नट व्हावं हे त्यांना रुचलं नाही. व्हायचंच असेल तर घराण्याचं नाव लावू नये, असं त्यांचं म्हणणं. मुलाने कोटाच्या आतल्या शिंप्याच्या पट्टीवरचं ‘ब्रेट’ हे नाव उचललं आणि तो रंगभूमीवर गेला. 1956 च्या ‘वॉर अँड पीस’मध्ये तो निकोलाय रोस्टोव्ह होता. 1964 मध्ये ‘माय फेअर लेडी’ आला. आपल्या ‘ती फुलराणी’चं मूळ असलेल्या ‘पिग्मॅलियन’चाच हा संगीतावतार, म्हणजे गोष्ट सगळी उच्चारांचीच. त्यात ब्रेट देखणा, प्रेमवेडा फ्रेडी झाला आहे. पण पडद्यावर फ्रेडी गातो तो गळा बिल शर्ली या दुसऱ्याच गायकाचा. ज्याने आपल्या आवाजासाठी इतकं सोसलं, त्याच्या ओठांवर परका आवाज! ते गाणं मला आजही सुखाने ऐकता येत नाही.

होम्स आला तो त्याच्या पन्नाशीत. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने बेकर स्ट्रीटचा रस्ताच उभा केला आणि एप्रिल 1984 मध्ये पहिला भाग लागला. 1994 पर्यंत एकूण 41 भाग झाले. त्याआधी होम्सचा अवतार कितीतरी नटांनी घेतला होता, आणि ब्रेट स्वतः अमेरिकेत रंगमंचावर वॉटसनही झाला होता. त्याचा आग्रह एकच: मूळ कथेशी इमान. निर्मात्यांनी होम्सच्या सवयी, लकबी, खाणंपिणं यांची सत्याहत्तर पानांची नोंदवही केली होती. सिडनी पॅजेटने ‘स्ट्रँड’ मासिकासाठी काढलेली चित्रं या मालिकेत हलू-बोलू लागली. खुर्चीतली ती बसण्याची ढब, हनुवटीखाली जुळलेली लांब बोटं, आणि मग कसलाही इशारा न देता सोफ्यावरून घेतलेली झेप. त्याचे हात पाहत राहावेत असे आहेत. अशिलाला ‘बसा’ म्हणताना हवेत फिरणारा तळहातसुद्धा काही सांगत असतो.

पण कागदावरचा होम्स थंड आहे, आणि ब्रेट मनाने अतिशय ऊबदार माणूस. ही दरी त्याने कशी सांधली, ते मला फार हलवून जातं. त्याने होम्ससाठी एक बालपण रचलं, जे कॉनन डॉयलने लिहिलेलंच नाही. त्यात एक दाई होती. ती मुलाला घासून-पुसून लख्ख ठेवायची, पण त्याचा पापा कधी घ्यायची नाही. आणि आई त्याला जवळजवळ आठ वर्षांचा होईपर्यंत दिसलीच नव्हती. यातलं एक अक्षर पडद्यावर येत नाही. तरी वॉटसन जरा दुखावला की होम्सच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटतं, ते तिथूनच येतं.

आपल्याकडे परकायाप्रवेशाची कथा आहे. शंकराचार्य राजाच्या देहात शिरले तेव्हा मागे गुहेत राहिलेल्या त्यांच्या देहाची शिष्य राखण करत होते. दुसऱ्याच्या देहात जाणाऱ्याने आपला देह कुणाच्या हवाली करायचा, हा त्या कथेतला खरा घोर. ब्रेटची राखण करणारी होती त्याची पत्नी जोन विल्सन. ती अमेरिकन निर्माती, होम्सची ही मालिका अमेरिकेत पोचवणाऱ्या ‘मिस्टरी!’ या कार्यक्रमाची सूत्रधार. जुलै 1985 मध्ये ती कर्करोगाने गेली. रायशेनबाखच्या धबधब्यात होम्स कोसळतो तो भाग त्याच वर्षी सप्टेंबरात दाखवला गेला. त्यानंतर मृत्यूतून परतलेल्या होम्सची भूमिका या विधुराने केली, आणि मग तो कोलमडला. रुग्णालयात निदान झालं मॅनिक डिप्रेशनचं, ज्याला आज बायपोलर म्हणतात. लिथियम सुरू झालं. लहानपणीच्या संधिज्वराने हृदय आधीच दुखावलेलं होतं.

1988 चा ‘द डेव्हिल्स फूट’ पाहा. केस बारीक कापलेला, थकलेला होम्स कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर येतो आणि कोकेनची सिरिंज वाळूत पुरून टाकतो. हे मूळ कथेत नाही. मूळ संहितेसाठी भांडणाऱ्या ब्रेटने इथे मात्र मुद्दाम बदल मागितला, कारण लहान मुलंही होम्स पाहतात हे त्याला कळलं होतं. कॉनन डॉयलच्या मुलीची, जीन यांची, त्यासाठी परवानगी घेतली गेली. मला हे त्या इमानाविरुद्ध वाटत नाही. त्या पात्राला त्याच्याइतकं जपलंय कुणी?

शेवटचे भाग पाहू नयेत, असं अनेक चाहते सांगतात. देह सुजलेला, श्वास तोकडा, झेप संपलेली. एका कथेत तर आजारपणामुळे होम्सचं काम त्याचा भाऊ मायक्रॉफ्टच उरकतो. मी हे भाग आवर्जून पाहते. एडवर्ड हार्डविकचा वॉटसन तिथे शेजारी उभा असतो, आणि त्याच्या नजरेतली काळजी कुठे अभिनयाची आणि कुठे मैत्रीची, हे वेगळं काढावंसंही वाटत नाही. हालचाल गेल्यावर ब्रेटने सगळा भार डोळ्यांवर आणि आवाजावर घेतला. तो आवाज अखेरपर्यंत शाबूत होता.

सप्टेंबर 1995 मध्ये लंडनला तो झोपेतच गेला, एकसष्टाव्या वर्षी. त्याच वर्षी बीबीसी रेडिओवरून त्याने मॅनिक डिप्रेशनच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत करण्याचं आवाहन केलं होतं. ज्या काळी नामवंत माणसं हा आजार चार भिंतींआड ठेवत, त्या काळी तो आपल्या आजाराबद्दल उघड बोलला. होम्स म्हणून नव्हे, जेरेमी ब्रेट म्हणून. त्याच्या कामाची यादी करताना 41 भागांच्या शेजारी ते आवाहनही मी लिहीन, आणि तितक्याच ठळक अक्षरांत.