वेलावर राखलेला दोडका

बालाघाटच्या पठारावरच्या चौसाळ्यात परसातल्या लागवडीचा काळ सांगताना महिन्याची तारीख क्वचितच ओठांवर येते. दोडका मृगातला असतो, वाल आर्द्रेतला, आणि मेथी हस्ताच्या ओलीवर टाकलेली असते. सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्याचेच नाव त्या दिवसांना देण्याची ही रीत असून, वर्ष २७ नक्षत्रांत वाटले गेल्याने प्रत्येकाच्या वाट्याला १३-१४ दिवस येतात आणि मृग ७ किंवा ८ जूनला लागतो. ही मोजणी अढळ वाटते, पण वराहमिहिराच्या काळी, म्हणजे सहाव्या शतकात, दक्षिणायन आणि कर्क संक्रांत एकत्र येत असत, तर आज दक्षिणायन २१ जूनच्या सुमारास सुरू होते आणि कर्क संक्रांत थेट १६ जुलैच्या आसपास उगवते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत असल्यामुळे, ज्याला अयनचलन म्हणतात, ऋतूंच्या मानाने नक्षत्रे दर सत्तर-बहात्तर वर्षांना एक दिवस उशिरा येतात. एका माणसाच्या साऱ्या आयुष्यात फरक पडतो तो एवढाच.

पाऊस मात्र इतका सावकाश चुकत नाही. बालाघाटच्या या पठारावर मृगाच्या पहिल्या सरीला भुलून टोकलेले बी वर येते, पाऊस ओढ देतो आणि दोन पानांचा कोंब जागीच करपतो; म्हणून जाणते हात नक्षत्र लागल्यावरही वाफशाची वाट पाहतात. वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही सारख्या मेळात असण्याची स्थिती. बोटभर खालची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि तो कमरेच्या उंचीवरून सोडावा; चिखलासारखा बसला तर थांबावे, मोकळा फुटला तर बी टोकावे. पंचांगापेक्षा ही मूठ अधिक विश्वासाची.

परसबागेचे सर्वात अवघड शिक्षण मात्र दोडक्याकडून मिळते, कारण तो केलेल्या चुकीचे उत्तर त्याच हंगामात देत नाही. दोडक्याचे फूल दिवस कलल्यावर उमलते, आणि त्याचाच भाऊबंद असलेले घोसाळे सकाळी; दोन्ही वेल तुराट्यांच्या एकाच मांडवावर गुंतलेले असले तरी त्यांच्या फुलण्याच्या वेळा वेगळ्या राहतात. फिकट पिवळी नरफुले घोसाने येतात, तर मादीफूल एकटेच येते आणि त्याच्या देठाशी शिरा उठलेला, करंगळीहून बारीक असा इवला दोडका उमलण्याआधीच तयार असतो. अंधार पडू लागला की पतंग येतात, एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि सकाळपर्यंत पाकळ्या मलूल होतात. आता कुंपणाच्या बाभळीवर कडू दोडकीचा रानवेल चढलेला असेल, तर त्याचाही पराग याच पतंगांच्या अंगावरून परसात येतो. त्या वर्षीचे फळ तरीही गोडच लागते, कारण साल आणि गर ही सर्वस्वी आईवेलाची घडण असते; बापाचा वाटा बियांच्या पोटात जातो. ते बी पुढच्या मृगात उगवते, जोमाने वाढते, आणि श्रावणात पहिल्या भाजीचा पहिला घास कडू निघतो. वर्षापूर्वी कुंपणावर काय फुलले होते हे ज्या घरात कुणाला आठवत असेल, त्याच घरात या कडवटपणाचा अर्थ लागतो. म्हणून बियाण्यासाठी ठेवायच्या मादीकळीला दुपारीच सुती चिंधी बांधावी, संध्याकाळी आपल्याच वेलाचे नरफूल तिच्यावर हलके टेकवावे, चिंधी पुन्हा बांधावी आणि देठाला रंगीत दोरा गुंडाळून ठेवावा, म्हणजे भाजी खुडणारा हात तिथे थांबतो.

इंग्लंडातल्या सेलबोर्नच्या गिल्बर्ट व्हाइटने १७५१ पासून बागेची नोंदवही लिहिली आणि तीत काकडी-खरबुजांसारख्या वेलांची निगा मोठ्या जिव्हाळ्याने टिपली. वहीचे मोल मोठेच आहे; पण देठावरचा तो दोरा हीदेखील नोंदच, आणि ती लिहिणे-वाचणे न येणाऱ्यालाही वाचता येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान वाण जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा असल्याच अक्षरांवाचूनच्या नोंदींचा गौरव झाला.

दुष्काळात मात्र ही नोंदही टिकत नाही. याच बालाघाटात उगवणाऱ्या मांजरा नदीवरचे धनेगावचे धरण आटल्यावर एप्रिल २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. तसल्या सालात परसात हिरवे काही उरलेच तर ते न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर: एखादा अळवाचा गड्डा, एखादा कढीपत्ता. वेल जळतात आणि एका वर्षाची नोंद तुटते. म्हणून राखेत घोळलेले बी गाडग्यात दोन वर्षांचे ठेवावे आणि त्यातले मूठभर शेजारच्या घरी द्यावे, म्हणजे एकाकडचे गेले तरी दुसऱ्याकडून परत येते.

दोरा बांधलेला दोडका दिवाळीपर्यंत वेलावरच राहतो. आधी त्याचा हिरवा रंग उतरतो, मग शिरा लाकडासारख्या कडक होतात, आणि वारा आला की आत बी खुळखुळते. पुढे टोकाशी असलेले बोराएवढे झाकण आपोआप गळून पडते, आतली जाळी दिसू लागते, आणि काळ्या, खडबडीत बिया एकेक करून खाली धरलेल्या सुपात उतरतात.