टाकीत पाणी कुठलं?

चिंचवडच्या मुलांना मासे दाखवायचे तर मुंबई गाठायची, हे आमच्या लहानपणापासून ठरलेलं. शाळेची सहल म्हणजे राणीची बाग, गेटवे आणि चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं ते मत्स्यालय मी अर्ध्या चड्डीत पाहिलं होतं. २०१५ मध्ये ते नव्याने सजून पुन्हा उघडलं, ॲक्रिलिकचा बारा फुटी बोगदा आला, पेपरात फोटो आले आणि नातवंडांनी हट्ट धरला. मुलगा चाकणला शिफ्टमध्ये अडकलेला. मी निवृत्त, म्हणून सकाळच्या सिंहगड एक्सप्रेसने दोघांना घेऊन मीच निघालो.

मत्स्यालयात मोठी माणसं पाट्या वाचतात. नाव काय, कुठे सापडतो, किती वाढतो. मुलांना नावाचं काही पडलेलं नसतं, अपवाद फक्त निमोचा. नारिंगी-पांढरा क्लाउनफिश दिसला की आख्खी रांग ‘निमो, निमो’ करत काचेला नाक लावते. या जातीत मादी मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो. म्हणजे निसर्गाच्या नियमाने निमोच्या सिनेमात त्याच्या बापाची आई व्हायला हवी होती. ही माहिती मी त्या दिवशी माझ्यापाशीच ठेवली.

नात चौकस. ‘आबा, तिकडच्या टाकीत मासे मोठे होते, बोगद्यात लहान का झाले?’ पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. त्यामुळे सपाट काचेमागचा मासा जवळ आणि मोठा भासतो, तर बोगद्याच्या गोलाईत उभं राहिलं की तोच लहान दिसतो. हे तिला हातवारे करून सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही, पण ती दोन्हीकडे पळत जाऊन खात्री करून आली.

धाकट्याचं लक्ष मात्र माशांवर नव्हतंच. टाक्यांमागे एक अरुंद दार होतं, तिथून जाळी आणि बादली घेतलेला एक कर्मचारी आत-बाहेर करत होता. धाकटा त्या दाराशी रेंगाळला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, ‘आबा, माशांची शी कुठे जाते?’

आजूबाजूचे हसले. मी हसलो नाही. भोसरीच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये माझी हयात गेली, त्यातली शेवटची वर्षं सांडपाणी प्रक्रियेच्या प्लँटवर. दिवसभरात त्या इमारतीत याहून मुद्द्याचा प्रश्न कोणी विचारला नसेल. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, शी आणि उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया होतो. बंद टाकीत तो साठला तर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. म्हणून पाणी सतत फिरवायचं, गाळायचं, त्यात हवा सोडायची. खरं काम तर फिल्टरमधल्या जिवाणूंचं. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्रेट माशांना बरंच सोसतं, तेही पाणी थोडं थोडं बदलून काढून टाकायचं. नवी टाकी भरल्यावर हे जिवाणू वाढायला काही आठवडे जातात. तोवर टाकीत मासे सोडायची घाई करायची नसते. मत्स्यालयाचं निम्मं काम असं पाठीमागे, पंपाच्या घरघरीत चालतं. माझ्या हातात असतं तर ते अरुंद दार काढून मी तिथे काच बसवली असती.

घरी परतल्यावर धाकट्याने तोच प्रश्न जरा फिरवून विचारला. आपली कुठे जाते?

त्याचं उत्तर आमच्याकडे पवनेच्या काठावर मिळतं. रावेतच्या बंधाऱ्यावर महापालिका शहरासाठी पाणी उचलते. तिथून खाली चिंचवड, पिंपरी, कासारवाडी करत नदी दापोडीला मुळेत मिळते, आणि वाटेत एकेक नाला तिच्यात येतो. काही पाणी शुद्ध होऊन येतं, काही तसंच. थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्यावर फेस तरंगतो, मेलेल्या माशांचा खच पडतो, पेपरात फोटो येतात, पाण्याचे नमुने घेतले जातात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच फोटो. मैला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मासे जगायला लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. फिरायला जाणाऱ्यांना मेलेले मासे सकाळी दिसतात ते बऱ्याचदा यामुळे.

म्हणजे आमची मुलं रंगीत मासे तिकीट काढून बघतात, आणि गावचा मासा उताणा पडलेला फुकट. मैदानावर जत्रेसारखे पाण्याखालचे बोगदे येतात, तिथेही दूरदेशीचेच मासे. गावच्या माशांची ओळख करून द्यायची कोणाला सुचत नाही. मरळ, वाम, शिंगाळा ही नावं नातवंडांना मी सांगितली. त्यांना ठाऊक होती ती फक्त बाजारातली चिलापी, आणि तीही मूळची आफ्रिकेची. दख्खनच्या महसीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं, तो मासा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. आज त्या नदीत तो शोधायला कोणी जाणार नाही. इंद्रायणी जिथून येते त्या लोणावळ्यात, वळवणला, टाटांच्या वीजकंपनीने गेली कित्येक दशकं महसीरची पिल्लं तयार केली. पिल्लं तयार होतात, प्रश्न ती सोडायची कुठे हा आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीत महसीर देवीचे म्हणून लोक सांभाळतात, डोहात त्यांना कोणी हात लावत नाही. नातवंडांना पुढच्या खेपेला तिथे न्यायचं आहे.

आपल्याच पाण्यातले मासे दाखवायचं एका गावाला मात्र सुचलं. कॅलिफोर्नियात मॉन्टरेला समुद्रकाठी सार्डिन डबाबंद करणारा एक कारखाना होता. मासे संपत गेले आणि तो १९७३ ला बंद पडला. त्याच जागी १९८४ मध्ये मत्स्यालय झालं. पैसा मुख्यतः डेव्हिड पॅकार्ड या संगणक-उद्योजकाचा. मत्स्यालय उभारणाऱ्यांनी जगभरचे नमुने गोळा केले नाहीत, समोरच्या उपसागरातलंच जीवन दाखवायचं ठरवलं. टाक्यांत पाणीही त्याच उपसागराचं. दिवसा लोकांना नीट दिसावं म्हणून ते गाळतात, रात्री न गाळता तसंच सोडतात, कारण त्यातून येणारे सूक्ष्म जीव टाकीतल्या प्राण्यांचं खाणं असतात. समुद्र बिघडला तर मत्स्यालयही बिघडणार, अशी ही रचना. मला मेंटेनन्सवाल्याला ती फार आवडते. त्यात खोटं बोलायला जागा नाही.

तारापोरवाला २०२० च्या टाळेबंदीत बंद झालं आणि प्रेक्षकांसाठी पुन्हा उघडलं नाही. इकडे आपल्या पिंपरी-चिंचवडला बंद कारखान्यांच्या जागा आहेत, पाणी फिरवायची, गाळायची, मोजायची विद्या जाणणारे हजारो हात आहेत आणि पैसाही आहे. कधी ना कधी इथे मत्स्यालयाची घोषणा होईलच. तेव्हा महापालिकेला एवढंच सांगणं : शार्क आणू नका. पवनेचे आणि इंद्रायणीचे मासे ठेवा, आणि पहिल्या टाकीत पाणी भरा ते रावेतचं नको, दापोडीच्या पुलाखालचं भरा.